डाव्या हाताची सावली

टेबल घरी आलं तो रविवार मला चांगलाच आठवतोय, कारण सकाळी उठल्यापासून मी हातात टेप घेऊन भिंती मोजत होते. खिडकीपासून कपाटापर्यंत किती, प्लगपासून वायर पुरेल का, वर फळी ठोकली तर कपाटाचं दार पूर्ण उघडेल का, सगळं. कागदावर आकृती काढली होती, ती बघून नवऱ्याने "बंगला बांधतेयस का?" असं विचारलं, मी लक्ष दिलं नाही. लेक नऊ वर्षांची, चौथीत. तोपर्यंत तिचा अभ्यास घरभर सांडलेला असायचा, कंपासपेटी सोफ्यावर, वही पलंगाखाली, पट्टी कुठे आहे ते देवालाच माहीत, आणि रोज दप्तर भरताना जी शोधाशोध आणि आरडाओरड व्हायची तिला वैतागून मी ठरवलं की आता बास, हिला हिची हक्काची जागा करून द्यायची.

संध्याकाळपर्यंत सगळं लागलं. पांढरं टेबल, त्याला उजव्या बाजूला तीन खण, वर दोन फळ्या, पेन्सिलींसाठी रंगवलेल्या बरण्या, समोरच्या भिंतीवर जगाचा नकाशा, पाढे, सूर्यमाला, दोन-तीन प्रेरणादायी वाक्यं (हो, मीपण), आणि टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात लॅम्प. फोटो काढून फॅमिली ग्रुपवर टाकला, भराभर अंगठे आणि बदाम आले, कुणीतरी लिहिलं "आता पहिला नंबर पक्का". मी खूश.

लेक डावखुरी आहे. हे वाक्य मी इथे उगाच टाकलेलं नाहीये, पुढे येईलच ते.

पुढचे दोन महिने आमच्या घरात सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य म्हणजे "टेबलावर बस". एकदा ती खरंच टेबलावर चढून मांडी घालून बसली आणि वर "तूच म्हणालीस ना" असं म्हणाली, आणि गंमत म्हणजे त्या दिवशी तिने सलग वीस मिनिटं न हलता धडा वाचला. बाकी दिवस मात्र खुर्चीत बसल्या बसल्या चुळबुळ सुरू. एक पाय खाली दुमडून, दुसरा हलवत, मान उजवीकडे कलती, नाक वहीला टेकेल इतकं खाली, पाच मिनिटांनी पाणी, दहा मिनिटांनी टॉयलेट. वहीत अक्षराबद्दल शेरा आला. डोळे तपासून आणले, नंबर नव्हता. मग मी त्या निष्कर्षावर आले ज्यावर आपण सगळेच फार पटकन येतो, की हिचं लक्षच नाही, एवढं सगळं करून दिलंय तरी हिला किंमत नाही, वगैरे वगैरे. दोन-तीनदा रागावलेही. त्याचं आज वाईट वाटतं म्हणून लिहितेय हे सगळं, असंही म्हणायला हरकत नाही.

मग एका संध्याकाळी तिच्या खोलीतली ट्यूब गेली. ती फक्त लॅम्पच्या उजेडात शुद्धलेखन लिहीत होती आणि मी नवी ट्यूब घेऊन स्टुलावर चढले होते, त्यामुळे मला ते पहिल्यांदाच वरून दिसलं. वहीवर तिच्या हाताची काळीकुट्ट सावली पडली होती आणि ती सावली पेन्सिलीच्या बरोबर पुढे पुढे सरकत होती. म्हणजे ती जो शब्द लिहिणार ती जागा आधी अंधारात जायची आणि मग ती त्या अंधारात शब्द लिहायची. ट्यूब चालू असताना ही सावली फिकी असायची, इतकी फिकी की दारातून बघणाऱ्या आईला कधी दिसणारच नाही, पण होती ती रोजच.

मी स्टुलावरूनच विचारलं, "अगं, तुला दिसतं का असं?"

"मग मी वाकून बघते ना," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नाही, अगदी सहज, जणू लिहिताना वाकून सावलीच्या मागून डोकवायचं असतं हे सगळ्यांनाच माहीत असतं.

लॅम्प उचलून उजव्या कोपऱ्यात ठेवायला मला दहा सेकंद लागली. दोन महिने आणि दहा सेकंद.

प्रकाश डाव्या खांद्यावरून यावा हे आम्हाला लहानपणी इतकं घोकून घेतलंय की त्यात "उजव्या हाताने लिहिणाऱ्यासाठी" हा अर्धा भाग गाळलेला आहे हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. नंतर त्याबद्दल वाचत बसले. हेर्मान कोन नावाच्या डोळ्यांच्या डॉक्टरने ब्रेस्लाउ शहरात आणि आसपास (आजचं पोलंडमधलं व्रोत्सवाफ) तब्बल १०,०६० शाळकरी मुलांचे डोळे तपासले आणि १८६७ साली ते प्रसिद्ध केलं. जसजशी शाळा वरची तसतशी लांबचं नीट न दिसणारी मुलं जास्त, असं त्यांना आढळलं आणि त्यांनी बोट ठेवलं ते अंधाऱ्या वर्गांवर आणि अंगाला न बसणाऱ्या बाकांवर. त्या शतकाच्या शेवटी शेवटी शाळा बांधताना खिडक्या मुलांच्या डाव्या हाताला ठेवायची पद्धत पक्की होत गेली. डावखुऱ्या मुलांचं काय, तर त्यांना तेव्हा उजव्या हातानेच लिहायला लावायचे, म्हणजे प्रश्नच मिटला! आता तसं फारसं कुणी करत नाही, साधारण दहातलं एक मूल डाव्या हाताने लिहितं आणि त्याला लिहू देतात, फक्त टेबलं, खण, कोपऱ्यातले लॅम्प आणि आमच्यासारखे पालक अजून उजवेच आहेत. माझ्या त्या टेबलाचे खणही उजवीकडे, म्हणजे खोडरबर काढायला तिला प्रत्येक वेळी लिहिता हात थांबवून अंगाला पीळ द्यायला लागायचा, नाहीतर उजव्या हाताने चाचपडायचं. खण काही बदलता येईनात, मग रोज लागणाऱ्या चार वस्तू डावीकडे एका बरणीत आल्या. वहीसुद्धा तिच्या अंगाच्या मधोमध नको, थोडी डावीकडे हवी आणि वरची बाजू उजवीकडे कलती हवी, म्हणजे हात अक्षरांच्या खालून जातो आणि मनगट आकड्यासारखं वाकवावं लागत नाही. ती वही आपोआप तशीच तिरकी करायची आणि मी दर वेळी येऊन सरळ करून जायचे. सरळ करून जायचे!

तर लॅम्पच्या बाबतीत तोंडावर आपटल्यावर मला सगळ्याचाच संशय यायला लागला. दुसऱ्या दिवशी ती बसलेली असताना मी जमिनीवर बसून टेबलाच्या खालून बघितलं (ती म्हणाली "आई, तू ठीक आहेस ना?"). तिचे पाय लोंबकळत होते. खुर्चीच्या पाठीला तिची पाठ टेकतच नव्हती कारण बैठक इतकी खोल की पाठ टेकली तर गुडघे वाकत नाहीत, म्हणून ती पुढे सरकून काठावर बसायची, आणि टेबल जवळपास काखेत आल्यासारखं. अशा अवस्थेत मला कुणी अर्धा तास बसवलं असतं तर मीसुद्धा टॉयलेटला जाऊन आले असते.

मोठ्या माणसांची टेबलं साधारण ७५ सेंटिमीटर उंच असतात, आणि 'स्टडी टेबल' म्हणून मुलांसाठी जी मिळतात त्यातलीही कितीतरी तेवढीच असतात, फक्त रंग वेगळा. युरोपात शाळेच्या बाक-खुर्च्यांसाठी उंचीप्रमाणे नंबर ठरवून दिलेत, चपलांसारखे. त्यात साधारण ७६ सेंटिमीटरचं टेबल येतं ते १५९ सेंटिमीटरच्या पुढच्या मुलांना. आमची मोजली तर १३४. म्हणजे त्या हिशोबाने तिला ३५ ते ३८ सेंटिमीटरची बैठक आणि ५९ ते ६४ चं टेबल हवं. मी तिला ७५ चं टेबल आणि ४५ ची खुर्ची दिली होती. भिंत मिलिमीटरपर्यंत मोजली, पोरीला मोजलंच नव्हतं.

नवरा लगेच करवत आणायला निघाला. तसा तो उत्साही आहे. म्हटलं थांब, पाय कापता येतात, परत जोडता येत नाहीत, आणि ही दोन वर्षांत केवढी होईल सांगता येत नाही. मग उलटा हिशोब केला. टेबल खाली येत नाही तर पोरीला वर घ्यायची आणि जमीन पण वर आणायची. खुर्चीवर पाच सेंटिमीटरचा कडक फोम टाकला (मऊ उशी चालत नाही, बसलं की दबून अर्धी होते आणि मूल घसरतं), पाठीमागे एक जाड उशी बांधली म्हणजे बैठक कमी खोल झाली आणि गुडघ्याच्या मागे दोन-तीन बोटं जातील एवढी फट राहिली, आणि पायाखाली जुन्या वर्तमानपत्रांचा तेरा सेंटिमीटर उंच गठ्ठा, वरून खाकी कागद आणि चिकटपट्टी. दिसायला भयंकर आहे तो गठ्ठा. फोटो काढून ग्रुपवर टाकण्यासारखा अजिबात नाही. पण त्या दिवसापासून पाय हलायचे थांबले, हे मी शपथेवर सांगते.

बरोबर बसलंय का हे बघायला टेप दर वेळी लागत नाही. खांदे सैल सोडायचे, कोपर काटकोनात वाकवायचं, ते टेबलाच्या पातळीला किंवा किंचित वर आलं पाहिजे, खांदे वर उचलले जाता कामा नयेत, तळवे पूर्ण टेकलेले. आणि वही डोळ्यापासून किती लांब, तर मूठ करून गालाला लावायची आणि कोपर वहीवर टेकवायचं, तेवढं अंतर. कोपरापासून मुठीच्या गाठीपर्यंतच्या या अंतराला हार्मन अंतर म्हणतात आणि त्याची मजा अशी की ते प्रत्येक मुलाच्या स्वतःच्या हाताइतकं असतं, मूल वाढलं की तेही वाढतं. लेकीला हा खेळ फार आवडला. आता मी फोन बघत असले की येऊन माझ्या गालाला मूठ लावून जाते.

उजेडाबद्दल अजून थोडं, कारण तिथे मी जरा वाहवत गेले. फोनमध्ये लक्स (म्हणजे उजेडाचं माप) मोजायचं एक अॅप घेतलं, ते काही फार अचूक नसतं पण तुलना करायला पुरतं. ट्यूब खोलीच्या मधोमध, टेबल भिंतीला तोंड करून, म्हणजे उजेड तिच्या पाठीमागून यायचा आणि वहीवर तिच्याच डोक्याची छाया. तिथे आकडा आला ९०. लिहिण्या-वाचण्याच्या जागी तीनशे ते पाचशे असावा असं सांगतात. लॅम्प लावला तर वाढला, पण मनासारखा नाही, कारण लॅम्पची मान पार वर होती. उजेडाचं गणित फार कडक असतं, छोट्या दिव्यापासूनचं अंतर दुप्पट केलं की उजेड अर्धा होत नाही, पाव होतो. मान खाली वाकवली आणि त्याच दिव्यात आकडा पाचशेच्या पुढे. नवा, महाग, तीन रंगांत बदलणारा दिवा घ्यायचं माझं चाललं होतं ते राहिलं. दुसरं म्हणजे ट्यूब बंद करून फक्त लॅम्प लावायचा नाही, भोवती अंधार आणि मधे झगझगीत वही असं झालं की डोळ्यांना सारखं जुळवून घ्यावं लागतं आणि ते थकतात. आणि दिवा चकचकीत टेबलावरून डोळ्यांत परावर्तित होत असेल तर टेबलावर एक साधा मॅट कागद पसरायचा, माझ्या त्या पांढऱ्याशुभ्र टेबलावर आता तपकिरी पुठ्ठा आहे.

हे सगळं जमवून मी विजयी मुद्रेने आकडे दाखवत होते तेवढ्यात नवऱ्याने फोन घेतला आणि बाहेर झाडाखाली जाऊन उभा राहिला. आठ हजार. सावलीत. मी पाचशेसाठी दोन दिवस झटले होते. आणि ही नुसती गंमत नाहीये. चीनमधल्या ग्वांगझू शहरात बारा प्राथमिक शाळांत पहिलीच्या मुलांवर तीन वर्षं एक प्रयोग केला होता, २०१५ साली तो प्रसिद्ध झाला. निम्म्या शाळांत रोज चाळीस मिनिटं जास्तीचा मैदानावरचा तास ठेवला, बाकीच्या शाळांत काहीच बदललं नाही. तीन वर्षांनी ज्या शाळांत तास नव्हता तिथे ३९.५ टक्के मुलांना नव्याने लांबचा चष्मा, म्हणजे लांबचं न दिसणं, सुरू झालेलं आणि ज्या शाळांत होता तिथे ३०.४ टक्के. सगळ्यांचा चष्मा टळला असं नाही, पण शंभरातली नऊ मुलं म्हणजे थोडीथोडकी नाहीत. तेव्हापासून शाळेतून आल्या आल्या अभ्यासाला बसवणं मी सोडलं. आधी बाहेर. अभ्यासाच्या जागेबद्दल मी केलेली ही बहुतेक सगळ्यात चांगली गोष्ट असेल आणि ती घराच्या बाहेर आहे.

इतकं सगळं झाल्यावर तरी बाईसाहेब रोज टेबलाशी बसायला लागल्या का? लिहायला, हो. बाकी नाही.

मग मी वेगळं केलं. एक आठवडा काहीही बोलायचं नाही, "टेबलावर बस" तर अजिबातच नाही, फक्त ती कुठे काय करते ते एका वहीत टिपायचं. हेरगिरीच म्हणा. पहिले तीन दिवस तोंड बंद ठेवणं किती अवघड गेलं ते माझं मला माहीत. पण त्या आठवड्यात जे दिसलं ते असं. गोष्टीची पुस्तकं आणि धडे ती सोफ्याच्या हातावर पाय टाकून उताणी पडून वाचते. कविता पाठ करताना चालते, स्वयंपाकघराच्या दारापासून बाहेरच्या दारापर्यंत, एका फेरीत एक कडवं, आणि वळताना ओळ विसरली तर परत मागे जाऊन तिथून सुरू करते. गणित जमिनीवर, पालथी पडून, आजूबाजूला कच्चे कागद पसरून, कारण तिला आधीची आकडेमोड दिसत राहायला हवी असते आणि टेबलावर ती मावत नाही. चिकटवाचिकटवीही जमिनीवरच. लिहायचं असेल तर टेबलाशी, आणि एखादं उत्तर येत नसेल तर वही उचलून जेवणाच्या टेबलाशी, जिथे मी माझं काम करत बसलेली असते. तिथे येऊन ती मला काहीच विचारत नाही हे मला त्या आठवड्यात पहिल्यांदा कळलं. नुसती समोर बसते, जरा वेळ पेन्सिल चावते, आणि उत्तर लिहून परत जाते.

म्हणजे मी 'अभ्यास' नावाच्या एका गोष्टीसाठी एक जागा करत बसले होते आणि ती पाच वेगवेगळी कामं पाच वेगवेगळ्या अंगांनी करत होती. मी स्वतः तरी काय करते? फोनवर बोलताना फेऱ्या मारते, वाचायला पलंग, हिशोबाला टेबल. पण पोरीने मात्र सगळं एकाच खुर्चीत करावं.

'अभ्यासाची जागा एकच आणि ठरलेली हवी' हेही असंच घोकलेलं. त्यात तथ्य नाही असं नाही, रोज त्याच वेळी त्याच जागी बसलं की सुरुवात करायला कष्ट कमी पडतात, हा माझाही अनुभव आहे. १९७५ चा एक प्रसिद्ध प्रयोग आहे, पाण्यात बुडी मारणाऱ्या डायव्हरना शब्दांच्या याद्या काही किनाऱ्यावर आणि काही पाण्याखाली पाठ करायला दिल्या, तर जिथे पाठ केल्या तिथेच त्या जास्त चांगल्या आठवल्या. जागा स्मरणाला चिकटते. पण मग परीक्षा काही आमच्या टेबलाशी होणार नसते ना! १९७८ मध्ये दुसऱ्या काही संशोधकांनी ४० शब्दांची एकच यादी काहींना एकाच खोलीत दोनदा आणि काहींना दोन वेगळ्या खोल्यांत एकेकदा पाठ करायला लावली आणि मग सगळ्यांना तिसऱ्याच खोलीत नेऊन विचारलं. दोन खोल्यांवाल्यांना जास्त आठवलं. हे वाचल्यावर त्या फेऱ्या मारत कविता म्हणणाऱ्या पोरीकडे मी जरा आदराने बघायला लागले.

मग सोय फिरती केली. कडी असलेला एक उघडा डबा, त्यात दोन पेन्सिली, खोडरबर, शार्पनर, पट्टी, कात्री, गोंद. ती जाईल तिथे डबा जातो आणि रात्री डब्याने टेबलावर परत यायचं, एवढा एकच नियम. सोफ्याच्या मागे एक क्लिपचा लॅम्प. जमिनीसाठी एक मोठा पुठ्ठा. शोधाशोध ज्या कारणासाठी हे सगळं महाभारत सुरू झालं होतं ती त्या डब्याने थांबली, टेबलाने नाही. (शार्पनर अजूनही हरवतो. शार्पनरचं काही करता येत नाही असं माझं मत झालंय.)

भिंतीचं सांगायचं राहिलं. २०१४ साली अमेरिकेत बालवाडीच्या २४ मुलांना घेऊन एक छोटा प्रयोग झाला, काही धडे चित्रं-तक्त्यांनी गच्च भरलेल्या वर्गात शिकवले आणि काही मोकळ्या भिंतींच्या वर्गात. भरलेल्या वर्गात मुलांचा ३८.६ टक्के वेळ इकडेतिकडे गेला आणि मोकळ्या वर्गात २८.४ टक्के, आणि धडाही मोकळ्या वर्गात जास्त कळला. मुलं थोडी, वय लहान, त्यामुळे त्यावरून घरोघरचे नकाशे उतरवा असं मी म्हणणार नाही. पण मी तिच्या खुर्चीत बसून समोर बघितलं आणि मला शनीची कडी, ब्राझील, सतराचा पाढा आणि "यश तुझ्या हातात आहे" हे सगळं एकदम दिसलं. मीच सहा-सात मिनिटं ब्राझीलमध्ये होते. सगळं उतरवून तिच्या पाठीमागच्या भिंतीवर लावलं, प्रेरणादायी वाक्यं रद्दीत. समोर काय ठेवायचं ते तिला विचारलं तर म्हणाली काही नको, आणि मग दोन दिवसांनी तिथे पेन्सिलीने काढलेली एक बारीकशी मुंगी दिसली, थेट भिंतीवर. ती आहे अजून.

आवाजाचा विषय मला जरा अडचणीचा आहे. न्यूयॉर्कमधल्या एका शाळेच्या अगदी जवळून उंचावरची रेल्वे जायची, दर साडेचार मिनिटांनी एक गाडी. १९७५ साली तिथे असं दिसलं की रुळांच्या बाजूच्या वर्गांतली सहावीची मुलं शाळेच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा वाचनात जवळजवळ वर्षभर मागे होती. मग रुळांखाली रबर बसवलं, वर्गांच्या छतांना आवाज शोषणारी आवरणं लावली आणि काही वर्षांनी परत बघितलं तर फरक गेला होता. हे मी मोठ्या आवेशाने नवऱ्याला वाचून दाखवलं, टीव्ही बंद कर म्हणून. त्यावर लेक आतून म्हणाली, "टीव्ही नाही गं, तुझे फोन." आमच्या घरातली रेल्वे मी होते. आणि ते खरंही आहे, पंख्याची घरघर किंवा पाऊस याने पाठांतर तितकं बिघडत नाही जितकं बोलण्याने बिघडतं, शब्द कानावर पडले की डोक्यातले शब्द विस्कटतात, मग ती भाषा कळणारी नसली तरी. आता माझे फोन दार लावून, किंवा ती बाहेर खेळायला गेल्यावर.

वेगळी खोली असली-नसली याचं मला पूर्वी फार वाटायचं. आमच्या लहानपणी नव्हती ना. पण आता वाटतं खोलीपेक्षा तेवढा वेळ घराने गप्प बसणं जास्त कामाचं, आणि ते मोठ्या घरातही जमेलच असं नाही. जगभरच्या पंधरा वर्षांच्या मुलांची जी पिसा नावाची चाचणी होते, तिच्या २०१८ च्या प्रश्नावलीत मुलांना घरी अभ्यासाला टेबल आहे का, स्वतःची खोली आहे का हेही विचारलं होतं आणि शांत जागा आहे का हे वेगळं विचारलं होतं. तेव्हा श्रीमंत म्हणवणाऱ्या देशांतसुद्धा सरासरी ९ टक्के मुलांनी शांत जागा नाही असं सांगितलं होतं.

शेवटचा बदल तिने स्वतः सुचवला, म्हणजे सुचवला नाही, करूनच टाकला. एक दिवस ऑफिसमधून आले तर टेबल काटकोनात फिरलेलं. आधी भिंतीकडे तोंड आणि दाराकडे पाठ होती, आता दार तिच्या बाजूला आलं होतं. खण कसे ओढले, वायर कशी काढली कोण जाणे. मी म्हटलं, "अगं हे काय? आता उजेड?" म्हणजे बघा, माझा पहिला शब्द उजेड. ती म्हणाली, "उजेड बघितला मी. उजवीकडून येतोय. पण तू मागून येतेस ना, तेव्हा मला कळत नाही."

मी मागून यायचे. हो. पाऊल न वाजवता, खांद्यावरून वहीत डोकवायला, की चाललंय ना नीट. मला वाटायचं तिला कळत नाही. पण कधी येईन हे कळत नाही म्हणूनच तिला सतत वाटत राहायचं की आता येईल, आणि निम्मं लक्ष कान टवकारून दाराकडे. टेबल भिंतीला लावताना आकृतीत मी दार कुठे उघडतं ते बघितलं होतं, दारातून कोण येतं ते नव्हतं बघितलं. आता मी दारातून दिसते. त्यामुळे आपोआप कमी जाते.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. परवा ती कागदाच्या लगद्याचं काहीतरी करत होती, वर्तमानपत्र हवं होतं आणि घरातली रद्दी नुकतीच गेलेली. थोड्या वेळाने बघते तर पायाखालच्या गठ्ठ्याचा खाकी कागद एका बाजूने फाडलेला आणि वरचे बरेच पेपर गायब.

"अगं! पाय टेकायला होतं ना ते?"

"टेकतायत," ती मान वर न करता म्हणाली, हात कोपरापर्यंत लगद्यात. "कधीचे. उलट जास्त होत होतं."

मी टेप आणायला गेले.